पाठ टेकण्यापुरतं

वारा असा, की शेवटचे अकरा किलोमीटर
सायकल हाताने ढकलत आणली.
गावात एकच हॉटेल, आणि एका रात्रीचा भाव
माझ्या चार दिवसांच्या जेवणाइतका.
काउंटरवरच्या मुलीने माझे फुटलेले ओठ पाहिले,
आवाज खाली आणून म्हणाली,
"बोंबेरोसकडे जा. लाल दरवाजा."

बोंबेरोस म्हणजे आग विझवणारे.
पाटागोनियात हे म्हणे प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक असतं.
मला नव्हतं.
दाराबाहेर उभं राहून वाक्य तीनदा घोकलं:
तंबू आहे माझ्याकडे, फक्त भिंतीचा आडोसा हवा.
चौथ्यांदा घोकत होतो, तेवढ्यात दार उघडलं.
नेलिदा वेंचुमान. पन्नाशीची. हातात बटाटे सोलायची सुरी.
माझं वाक्य तिने पुरतं ऐकलंच नाही.
"सायकल घे आत. वारा येतोय."

पाइपांची खोली.
छताला टांगून वाळत घातलेले लांबच लांब पाइप,
ओल्या कॅनव्हासचा वास,
खाली एक बाक, माझ्यापेक्षा वीतभर आखूड.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
मी दुमडले.
किती द्यायचे, विचारलं
तर तिने भिंतीकडे बोट केलं.
भिंतभर नावं, पेनाने, कोळशाने, एक तर लिपस्टिकने.
"नाव लिही. आणि भोंगा झाला
तर आमच्यामागे मोठं दार लावून घे.
आम्ही विसरतो."

रात्री सूप. बटाटे, मेंढीचं हाड, मीठ जरा जास्तच.
एवारिस्तो, दिवसा टायर दुरुस्त करणारा,
विचारत होता: तुमच्याकडे असं झोपू देतात का कुणाला?
देतात, म्हटलं.
मग आठवू लागलो, मी कुणाला दिलं होतं.
आमच्या जिन्याखाली एकदा एक माणूस झोपला होता,
पिशवी उशाला, चपला नीट जोडून ठेवलेल्या.
वॉचमनला फोन मीच केला होता.
सूप गार झालं.
एवारिस्तोने न विचारता वर गरम वाढलं.
निजण्याआधी कोळसा हातात घेतला,
परत ठेवला.

भोंगा पहाटे तीनला.
कुणी काही बोललं नाही. बूट, पट्टे,
नेलिदाचे केस हेल्मेटात कोंबलेले, इंजिन,
आणि दार सताड टाकून सगळे अंधारात.
खरंच विसरले.
दाराची चाकं गंजलेली. अंगाचा सगळा भार दिला
तेव्हा कुठे हललं.

मग मी एकटा. अख्ख्या स्टेशनात मी,
ज्याचं आडनाव त्यांच्यातल्या एकालाही उच्चारता आलं नव्हतं,
आणि हुकाला किल्ल्या, डब्यात वर्गणीचे पैसे,
फळीवर कुणाच्या तरी मुलीचा शाळेतला फोटो.
भटाला दिली ओसरी...
हसू आलं, मोठ्याने, ऐकायला कुणी नव्हतं.
हातपाय पसरायला जागा भरपूर होती.
मी बशा धुतल्या.
पाणी उकळलं, ते निवलं, पुन्हा उकळलं.

उजेड फुटताना दार वाजलं.
वाटलं, तेच आले.
रात्रीच्या ट्रकमधून उतरलेली एक मुलगी,
पाठीवर सॅक, पापण्यांवर धूळ,
स्पॅनिश माझ्याहून वाईट:
तंबू आहे माझ्याकडे, फक्त भिंतीचा
"आत ये," म्हटलं, "वारा येतोय."

गाडी आठला परतली.
मेंढवाडा जळाला होता. माणसं वाचली, मेंढ्या निम्म्या.
नेलिदा पायरीवर बसली,
एक बूट काढला, दुसरा राहिला तसाच.
मी मातेचा पेला पुढे केला.
उकळून उकळून कडू जहर झालेला.
तिने तोंड वाकडं केलं आणि संपवला.
मग आत बाकावर घोरणाऱ्या सॅकवालीकडे पाहून:
"ही कोण?"

भिंतीवर असेल, म्हटलं.
माझं अजून नव्हतं.